टेलिव्हिजनची ‘निर्माती’ म्हणजे कोण? सई परांजपे आणि दिल्लीचे दूरचित्रनाट्य

या टिपणाचा विषय भारतीय टेलिव्हिजनच्या पहिल्या दोन दशकांतील एक कारकीर्द आहे. सई परांजपे हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ‘चश्मेबद्दूर’ किंवा ‘कथा’ या चित्रपटांच्या दिग्दर्शिका म्हणून ऐकले असेल. मराठी विद्यार्थ्यांना कदाचित ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’ किंवा ‘माझा खेळ मांडू दे’ ही नाटके आठवतील. पण चित्रपटांच्या आधी त्यांनी दिल्लीच्या टेलिव्हिजनसाठी नाटके लिहिली, बसवली आणि निर्माण केली, ती अनेक वर्षे. कारकिर्दीचा हा भाग पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपतो. तो एका ओळीत का संपतो, हा मला या टिपणाचा खरा प्रश्न वाटतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे उत्तर शोधताना थोडा तंत्राचाही आधार घेणार आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्याला कंटाळू नये. कारण काय टिकते आणि काय नाहीसे होते, हे बऱ्याचदा यंत्राने ठरवलेले असते.

शब्द आधी

‘निर्माता’ म्हणजे पैसे लावणारा माणूस, अशी आपली समजूत चित्रपटसृष्टीमुळे झाली आहे. टेलिव्हिजनच्या आरंभी हा अर्थ नव्हता. १९५९ ते १९७६ या काळात भारतातील टेलिव्हिजन हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. आकाशवाणीत ‘प्रोड्यूसर’ हे एका कामाचे नाव होते. संहिता मिळवायची किंवा स्वतः लिहायची, कलावंत निवडायचे, तालमी घ्यायच्या, मंजूर झालेल्या तुटपुंज्या रकमेत नेपथ्य आणि कपडे बसवायचे, आणि प्रसारणाच्या क्षणी नियंत्रण कक्षात बसून कॅमेऱ्यांना हुकूम द्यायचे, हे सगळे त्या एका माणसाच्या गळ्यात. चित्रपटाच्या भाषेत सांगायचे तर लेखक, दिग्दर्शक, संकलक आणि व्यवस्थापक यांची मोट बांधलेली. पैसा सरकारचा, जोखीम मात्र निर्मात्याच्या नावावर.

म्हणून जुन्या कागदांत ‘टेलिव्हिजन निर्माती’ असे वाचलेत की भांडवलदार बाई डोळ्यांसमोर आणू नका. आणखी एक काळजी घ्या. ‘दूरदर्शन’ हे नाव सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचे आहे. १ एप्रिल १९७६ रोजी टेलिव्हिजन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि त्या नावाने स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. त्याआधीच्या कामाला आपण सवयीने ‘दूरदर्शनवरचे’ म्हणतो. बोलताना ते चालेल, उत्तरपत्रिकेत लिहिताना मात्र फरक ठेवा.

घर, पुणे, मग दिल्ली

सई परांजपे यांचा जन्म १९ मार्च १९३८ रोजी लखनौमध्ये झाला. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे त्या वेळी लखनौ विद्यापीठाशी संबंधित होते. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार. आई शकुंतला परांजपे यांनी ‘कुंकू’ (१९३७) या शांतारामबापूंच्या चित्रपटात काम केले होते, पण त्यांचे मोठे काम संततिनियमनाच्या प्रचाराचे. ज्या काळात हा विषय घरातही उच्चारला जात नसे, त्या काळात त्या जाहीरपणे बोलत आणि लिहीत होत्या. आजोबा १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते, त्यामुळे सईंच्या बालपणाचा काही भाग तिकडे गेला. आठव्या वर्षी त्यांचे ‘मुलांचा मेवा’ हे गोष्टींचे पुस्तक छापून आले.

हे घराणे सांगण्याचे एक कारण आहे. अशा मुलीला दारे उघडी होती, हे मान्य केले पाहिजे. पुण्यातल्या सामान्य घरातल्या त्याच वयाच्या मुलीला पन्नासच्या दशकात एकटीने दिल्लीला जाऊन नाट्यशिक्षण घेणे जवळपास अशक्य होते. पण घराण्याने दार उघडते, आत गेल्यावर काम स्वतःलाच करावे लागते. चरित्र लिहिताना या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत, असे मला वाटते.

पहिली नोकरी पुणे आकाशवाणीवर निवेदिकेची. तिथे त्यांनी मुलांसाठी कार्यक्रम केले. रेडिओने काय शिकवले असेल? चेहरा नसताना माणूस उभा करणे. नुसत्या आवाजावरून श्रोत्याला कळले पाहिजे की बोलणारी म्हातारी आहे की मोलकरीण, चिडली आहे की चिडल्याचे सोंग करते आहे. पुढे त्यांच्या प्रत्येक संवादात हे दिसते. त्यांची पात्रे वाक्ये बोलत नाहीत, बोलता बोलता अडतात, विषय बदलतात, दुसऱ्याचे अर्धे वाक्य पुरे करतात.

त्यानंतर त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या आणि १९६३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. विद्यालय १९५९ मध्ये सुरू झाले होते, म्हणजे त्यांची तुकडी अगदी सुरुवातीची. इब्राहिम अल्काझी १९६२ मध्ये संचालक झाले आणि संस्थेला कडक शिस्तीचे वळण लागले. योगायोग पाहा, टेलिव्हिजनही दिल्लीत १९५९ मध्येच सुरू झाले. एका शहरात, एकाच वर्षी, नाटक शिकवणारी राष्ट्रीय संस्था आणि नाटक दाखवू शकेल असे नवे यंत्र. या दोहोंच्या मधल्या जागेत जी पहिली माणसे उभी राहिली, त्यांत सई परांजपे होत्या.

संसद मार्गावरचा स्टुडिओ

दिल्लीचा नकाशा उघडा. पहाडगंजच्या मेन बाजारातून पूर्वेच्या टोकाला आलात की समोर नवी दिल्ली रेल्वे स्थानक. तिथून दक्षिणेला वळून कॅनॉट प्लेस, पुढे संसद मार्ग, वाटेत जंतरमंतर आणि मग आकाशवाणी भवन. पाऊण तासाची पायपीट. हा रस्ता मी तुम्हाला मुद्दाम दाखवतो आहे. पहाडगंजात दिल्लीकर मराठी मंडळींची जुनी वस्ती आहे, नूतन मराठी ही शाळा तिथेच आहे, आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत नोकरीला आलेली अनेक मराठी कुटुंबे या भागाशी जोडलेली राहिली. रेल्वेने दिल्लीत उतरणाऱ्या मराठी माणसाला आपली भाषा कानावर पडण्याची पहिली जागा ही. आणि इथून चालत जाण्याच्या अंतरावर भारतातील टेलिव्हिजन जन्माला आले.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी आकाशवाणी भवनातील एका तात्पुरत्या स्टुडिओतून प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. युनेस्कोने २०,००० डॉलरचे साहाय्य आणि फिलिप्स कंपनीचे १८० संच दिले होते. कार्यक्रम आठवड्यातून दोनदा, तोही थोडाच वेळ. संच घरोघरी नव्हते. दिल्लीच्या आसपास ‘टेलिक्लब’ काढून लोक एकत्र बसून पाहत. १९६१ मध्ये शाळांसाठी प्रसारण सुरू झाले, १९६५ मध्ये रोजचे. २६ जानेवारी १९६७ रोजी ‘कृषी दर्शन’ आले. या यादीवरून सरकारच्या मनात काय होते ते स्पष्ट दिसते: शिक्षण, शेती, आरोग्य. करमणूक ही नाइलाजाने दिलेली जागा होती. नाटक त्या फटीतून आत आले.

आणि हे सगळे फक्त दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. तेरा वर्षे ‘भारतीय टेलिव्हिजन’ म्हणजे एका शहराचा आणि त्याच्या आजूबाजूच्या खेड्यांचा टेलिव्हिजन होता. मुंबईपुण्यातला मराठी वाचक हे काम पाहूच शकत नव्हता. एका मराठी लेखिकेच्या हिंदी दूरचित्रनाट्यांची मराठी समीक्षेत नोंद नाही, याचे निम्मे कारण इतके साधे आहे: लहरी तिथवर पोहोचत नव्हत्या. त्या काळच्या वाहिनीवरील लहरी साधारण सरळ रेषेत जातात, क्षितिजाच्या पलीकडे त्यांची ताकद झपाट्याने कमी होते. रेडिओचा मध्यम तरंग रात्री शेकडो किलोमीटर जाई, टेलिव्हिजनचा अती उच्च वारंवारतेचा तरंग दिल्लीच्या वेशीबाहेर थोडे जाऊन संपे. म्हणून पुण्यात रेडिओवर नाव झालेली मुलगी दिल्लीत टेलिव्हिजनवर गेल्यावर पुण्यासाठी दिसेनाशी झाली.

दुसरा योगायोग याच रस्त्यावरचा. १९६४ ते १९७० शकुंतला परांजपे राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या. आकाशवाणी भवन आणि संसद भवन एकाच रस्त्यावर. एका टोकाला आईचे सभागृह, मधे लेकीच्या पिढीचा स्टुडिओ.

थेट प्रसारण लेखकाकडून काय मागते

आता तंत्राकडे. चित्रफितीवर दृश्य साठवण्याचे पहिले व्यवहार्य यंत्र अँपेक्स या अमेरिकी कंपनीने १९५६ मध्ये आणले. त्याची फीत दोन इंच रुंद, यंत्र कपाटाएवढे, किंमत प्रचंड. दिल्लीच्या आरंभीच्या स्टुडिओला ही चैन नव्हती. कार्यक्रम बहुतेक थेट जात. म्हणजे स्टुडिओत नट बोलत असताना त्याच क्षणी टेलिक्लबातला शेतकरी ते पाहत असे.

याचा लेखनावर काय परिणाम होतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा तुम्ही पंचवीस मिनिटांचे नाटक लिहिले आहे. पहिला प्रवेश घरात, दुसरा कचेरीत, आणि नायिका दोन्हीकडे हवी. चित्रपटात अडचण नाही, दुसऱ्या दिवशी चित्रण करा. थेट प्रसारणात नायिकेला एका नेपथ्यातून निघून, कॅमेऱ्याच्या जाडजूड केबलींवरून पाय उचलत, साडी बदलून दुसऱ्या नेपथ्यात पोचायचे आहे. त्याला दीड मिनिट लागते. ते दीड मिनिट लेखकाने भरायचे. मग कचेरीतला शिपाई आणि कारकून यांचा एक छोटा प्रवेश लिहावा लागतो. वाईट लेखक तिथे भरताड घालतो. चांगला लेखक त्या शिपायालाच असा जिवंत करतो की प्रेक्षक नायिकेला विसरतो. जगभरच्या थेट दूरचित्रनाट्यात दुय्यम पात्रे इतकी ठसठशीत का असत, याचे एक कारण साडी बदलायला लागणारा वेळ हे आहे. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, पण मला ते खरेच महत्त्वाचे वाटते.

दुसरे, पडदा लहान आणि कृष्णधवल. ६२५ रेषांच्या त्या चित्रात, क्लबातल्या शेवटच्या रांगेतून, दूरचे दृश्य म्हणजे करडा डाग. गर्दी, डोंगर, लढाई यांचा उपयोग नाही. चेहरा तेवढा नीट दिसतो. म्हणून दोनतीन माणसे, एक खोली, एक दार आणि बोलणे, हा दूरचित्रनाट्याचा स्वाभाविक आकार झाला.

तिसरे, संहिता दोन स्तंभांत लिहायची. डाव्या बाजूला चित्र, उजव्या बाजूला आवाज. कोणत्या शब्दावर कोणता कॅमेरा घ्यायचा, हे आधीच ठरलेले. जो निर्माता स्वतःच लेखक असतो, तो संवाद लिहितानाच संकलन करत असतो. नाट्य विद्यालयातून आलेल्या माणसाला तालीम येते, रेडिओतून आलेल्याला आवाज कळतो, पण हे तिसरे कौशल्य शिकवणारी शाळाच तेव्हा भारतात नव्हती. ते प्रत्यक्ष नियंत्रण कक्षात, चुकत चुकत शिकायचे. सई परांजपे यांनी ते तिथेच शिकले.

१९७२ मध्ये त्यांनी ‘द लिटल टी शॉप’ हा टेलिव्हिजनसाठीचा लघुचित्रपट केला. त्याला तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. भारतीय टेलिव्हिजन जेमतेम तेरा वर्षांचे, तेही एका शहरापुरते, आणि त्यातून बाहेर पडलेल्या कामाची आशियात दखल घेतली गेली. त्याच वर्षी मुंबई केंद्राच्या उद्घाटनाचा कार्यक्रम तयार करायला त्यांची निवड झाली. यातला उपरोध लक्षात घ्या. मुंबईला स्वतःचे टेलिव्हिजन मिळाले तेव्हा पहिला कार्यक्रम उभा करायला माणूस दिल्लीहून आणावा लागला, आणि ते माणूस मराठीच होते.

छोट्या पडद्यावरून मोठ्या पडद्याकडे

सत्तरच्या दशकात त्या चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीच्या दोनदा अध्यक्ष झाल्या आणि मुलांसाठी ‘जादू का शंख’ (१९७४) व ‘सिकंदर’ (१९७६) हे चित्रपट केले. मोठा बदल पुढे झाला. ‘स्पर्श’ (१९८०), ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) आणि ‘कथा’ ही रांग सर्वांना माहीत आहे. मला यात चित्रपटांपेक्षा त्यांची मुळे दाखवायची आहेत.

‘चश्मेबद्दूर’चे बीज दिल्ली टेलिव्हिजनसाठी लिहिलेल्या ‘धुआँ धुआँ’ या नाटकात आहे. हे कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहा. सुरुवातीला तीन पोरे पडून आहेत आणि एकच सिगारेट पायांच्या बोटांतून एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एक खोली, तीन माणसे, एक वस्तू. त्यांची गरिबी, आळस आणि दोस्ती एकाही संवादाशिवाय कळली. पुढे दीप्ती नवल ‘चमको’ पावडर विकायला दारात येते. दार, बादली, टॉवेल, फारुख शेख. हा प्रवेश तुम्ही आकाशवाणी भवनातल्या त्या जुन्या स्टुडिओत, दोन कॅमेऱ्यांवर, एकही ओळ न बदलता करू शकता. हिंदी चित्रपटातल्या सर्वांत लाडक्या प्रेमप्रवेशांपैकी एक हा रचनेने दूरचित्रनाट्याचा प्रवेश आहे, असे माझे मत आहे. चित्रपटाने त्याला दिल्लीचे रस्ते आणि बागा जोडल्या, गाभा मात्र खोलीतला राहिला. उस्तादजींचे काम करणारे विनोद नागपाल तीन वर्षांनी ‘हम लोग’ मालिकेत बसेसर राम झाले, हेही जाता जाता लक्षात ठेवा. दिल्लीची नाट्यमंडळी, टेलिव्हिजन आणि हा नवा चित्रपट यांच्यात माणसांची ये-जा चालूच होती.

‘स्पर्श’ची कथा वेगळी. दिल्लीतील ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेशी आणि तिथल्या दृष्टिहीन प्राचार्यांशी झालेली ओळख हे त्याचे मूळ. चित्रण त्याच शाळेत, तिथल्या मुलांसह झाले. नसीरुद्दीन शाह यांचा अनिरुद्ध परमार दया नाकारतो, आणि नाकारता नाकारता मदत व दया यांतला फरकही विसरू लागतो. शबाना आझमींची कविता त्याच्यावर प्रेम करते की त्यागावर, हा प्रश्न त्याला सतावतो. इथेही दोन माणसे, एक खोली आणि बोलणे. उत्कृष्ट हिंदी चित्रपट, उत्कृष्ट अभिनेता आणि उत्कृष्ट पटकथा असे राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले. पटकथेचा पुरस्कार सईंचा. चित्रपटगृहांत तो यायला मात्र काही वर्षे उशीर झाला. ‘स्पर्श’ आणि ‘चश्मेबद्दूर’ या दोन्ही चित्रपटांची गाणी दिल्लीच्या हिंदी कवयित्री इंदू जैन यांनी लिहिली. मुंबईच्या नेहमीच्या गीतकारांकडे न जाता दिल्लीची कवयित्री घेणे, ही मला तिथल्या दिवसांची खूण वाटते.

‘कथा’ मात्र मराठी घरातून आली. शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून ती केली. मुंबईची चाळ, आणि शेवटी ससाच जिंकतो की काय अशी शंका. तिलाही उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्या टेलिव्हिजनकडे परतल्या, पण आता मालिकांच्या रूपाने: ‘अडोस पडोस’ (१९८४), ‘छोटे बडे’ (१९८५), ‘हम पंछी एक चाल के’. ही नावे वाचा आणि ‘सख्खे शेजारी’ हे नाटकाचे नाव त्यांच्या शेजारी ठेवा. शेजार हा त्यांचा कायमचा विषय. भिंत पातळ असते, बोलणे ऐकू येते, माणसे एकमेकांच्या आयुष्यात नाक खुपसतात आणि वेळ आली की धावूनही येतात. लहान पडद्याला याहून सोयीचा विषय सापडणे कठीण. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

पुरावा कुठे आहे?

आता मूळ प्रश्नाकडे. ही कारकीर्द एका ओळीत का संपते?

थेट प्रसारणाची प्रत उरत नाही, हे पहिले कारण. दुसरे अधिक टोचणारे. फिती आल्यावरही त्या महाग होत्या, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात. आपल्याकडेच असे घडले, असे समजू नका. लंडनच्या बीबीसीने साठच्या दशकातील ‘डॉक्टर हू’ मालिकेचे कितीतरी भाग पुसले. नव्वदहून अधिक भाग हरवले. त्या मालिकेची पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट १९६३ मध्ये कामाला लागली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि बीबीसीच्या नाट्यविभागातील एकमेव स्त्री निर्माती होती. वयाने सई परांजपे तिच्याहून दोनतीन वर्षांनी लहान. दोघींचे काम सारख्याच यंत्रांवर झाले. पण लँबर्टच्या हरवलेल्या भागांचे आवाज चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवले होते, संहिता आणि छायाचित्रे कचेरीत होती. तिथे पुसलेल्या कामाचाही इतिहास लिहिता आला. दिल्लीत संच होते मूठभर, टेपरेकॉर्डर त्याहून कमी.

सीमेपलीकडे पाहा. कानपूरला १९४१ मध्ये जन्मलेल्या हसीना मोईन कराचीत पाकिस्तान टेलिव्हिजनसाठी लिहू लागल्या. ‘अनकही’ (१९८२), ‘तनहाइयाँ’ (१९८५), ‘धूप किनारे’ (१९८७) या त्यांच्या मालिका. त्या फितीवर होत्या, त्यांच्या कॅसेटी निघाल्या, आणि भारतातही हातोहात फिरल्या. राज कपूर यांनी ‘हीना’च्या संवादांसाठी त्यांना विचारले ते या कीर्तीमुळे. म्हणून हसीना मोईन यांना सर्वजण ‘टेलिव्हिजनच्या लेखिका’ म्हणतात, आणि सई परांजपे यांना ‘चित्रपट दिग्दर्शिका’. या लेबलांमागे प्रतिभेचा फरक नाही. एकीचे काम फितीवर राहिले, दुसरीचे पुष्कळसे हवेत गेले आणि सेल्युलॉइडवर उतरले तेवढेच मागे राहिले.

मग अशा कामाचा इतिहास कसा लिहायचा? उपलब्ध साधने अशी. एक, आठवणी. सई परांजपे यांचे ‘सय : माझा कलाप्रवास’ हे मराठी पुस्तक २०१६ मध्ये आले आणि इंग्रजी ‘अ पॅचवर्क क्विल्ट’ २०२० मध्ये. ती मजेदार आणि मोकळी आहेत, पण चाळीस-पन्नास वर्षांनंतर लिहिलेली आहेत. आठवण प्रसंग जपते, तारीख सोडते. शिवाय आत्मकथनात माणूस जे जमले त्याच्याकडे अधिक वळतो. म्हणून दोन, त्या दिवसांची वर्तमानपत्रे. रोजचा टेलिव्हिजन कार्यक्रम दिल्लीच्या वर्तमानपत्रांत छापून येई; कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणते नाटक, एवढे त्यातून मिळते. तीन, सरकारी कागद. टेलिव्हिजन आकाशवाणीत होते म्हणून त्याचे अहवाल माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत सापडतात, आणि आकाशवाणीचा विचार करणारा चंदा समितीचा १९६६ चा अहवाल टेलिव्हिजनबद्दलही बोलतो. पण अशा अहवालांत तासांचे आकडे असतात, लेखकांची नावे क्वचित. चार, नंतरचे चित्रपट. वर ‘चमको’च्या प्रवेशाबाबत मी जे केले ते हेच: उरलेल्या वस्तूत हरवलेल्या वस्तूचा आकार शोधणे. पुरातत्त्वाचे विद्यार्थी खापरावरून भांडे काढतात, तसे. यात धोका आहे. प्रत्येक बंद खोलीला स्टुडिओची खूण मानू लागलात तर रंगभूमीचे सगळे श्रेय टेलिव्हिजनला जाईल. ‘कथा’ची चाळ रंगमंचावरून आली आहे, हे मी म्हणूनच वेगळे सांगितले. पाचवे साधन जिवंत माणसे. त्या काळचे कॅमेरामन, नेपथ्यकार, नट आता ऐंशीच्या घरात आहेत. मौखिक इतिहासाचा प्रकल्प करायचा असेल तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका.

‘निर्माती’ शब्द पुन्हा बदलतो

१ जानेवारी १९७६ पासून टेलिव्हिजनवर जाहिराती आल्या. १९८२ मध्ये रंग आणि राष्ट्रीय कार्यक्रम आला. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. प्रायोजक मालिकेचा खर्च उचलणार आणि मालिका बाहेरची संस्था बनवणार, ही नवी पद्धत रुळली. निर्माता आता स्टुडिओतला पगारी माणूस राहिला नाही, प्रायोजक शोधणारा व्यावसायिक झाला. सई परांजपे यांच्या ऐंशीच्या दशकातील मालिका या वळणावर उभ्या आहेत.

मराठीत हे वळण स्मिता तळवलकर यांच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसते. मुंबई दूरदर्शनवर सतरा वर्षे बातम्या वाचून त्या निर्मितीकडे वळल्या, १९८९ मध्ये ‘कळत नकळत’ चित्रपट केला आणि ‘अवंतिका’सारख्या मालिका काढल्या. संस्था त्यांची, पैसा त्यांनी उभा केलेला. १९९४ मध्ये बालाजी टेलिफिल्म्स निघाली आणि २००० मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली, तेव्हा ‘टेलिव्हिजन निर्माती’ या शब्दाचा अर्थ एकता कपूर असा झाला. त्या व्यवस्थेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि निर्माती या सगळ्यांच्या वर. सत्ता वाढली यात शंका नाही. ज्या बाईने शिपायाचा प्रवेश स्वतः लिहून, स्वतः बसवून, स्वतःच ‘कॅमेरा दोन’ म्हणायचे, ती जागा मात्र या व्यवस्थेत उरली नाही. कोणती जागा अधिक मोठी, यावर वर्गात वाद घाला. माझा कल पहिलीकडे आहे, पण मी तंत्राचा माणूस असल्याने नियंत्रण कक्षाला जास्त भाव देतो, हे गृहीत धरून चाला.

एप्रिल २०१३ मध्ये ‘चश्मेबद्दूर’ची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा चित्रपटगृहांत लागली, नव्या आवृत्तीच्या सोबतच. बत्तीस वर्षांपूर्वीच्या फिल्मवरचे ओरखडे काढता आले, रंग पुन्हा बसवता आले, कारण फिल्म नावाची वस्तू एका डब्यात होती. या टिपणासोबतचा अभ्यास असा: एका दुपारी ‘चश्मेबद्दूर’ पाहा, कागदाचे दोन स्तंभ पाडा, ‘चमको’चा प्रवेश दोन कॅमेऱ्यांच्या थेट प्रसारणासाठी लिहून काढा. नायिकेला पुढच्या नेपथ्यात पोचायला दीड मिनिट द्या. त्या दीड मिनिटात काय घडते ते तुम्ही लिहायचे आहे.